क्लास लावू का, सर?

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस बहुतेकांना नीरज चोप्राच्या भाल्यामुळे आठवतो. मला तो त्या दिवशीच्या सकाळमुळे आठवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू आदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती आणि आयुष्यात कधी गोल्फ न पाहिलेली माणसं टीव्हीसमोर बसून ‘बर्डी म्हणजे काय हो?’ असं एकमेकांना विचारत होती. एका फटक्याने तिचं पदक हुकलं, ती चौथी आली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत माझा फोन जेवढा वाजला, तेवढा त्याआधी कधी वाजला नव्हता. “सर, आमचा पाच वर्षांचा आहे. आदितीनेही पाचव्या वर्षीच सुरुवात केली होती ना? मग आत्ताच क्लास लावू का?”

‘लावा’ म्हटलं की माझा धंदा चालतो आणि पालकही समाधानाने जातात. तरीही पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत माझं उत्तर ‘अजून नको’ असं असतं. ते नको का आणि ‘आता हवं’ हे मी कशावरून ठरवतो, हे फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मी मूळचा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. शाळेत कवायत, खो-खो, लंगडी घेता घेता गोल्फकडे वळलो, नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं प्रशिक्षण घेतलं आणि आता पुण्याच्या एका टोकाला असलेल्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागेवर, मुलांना शिकवतो. त्याआधी गोल्फशी माझं नातं एवढंच, की लहानपणी नाशिकला पहाटे ‘गोल्फ क्लब’वर पळायला जायचो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर आजही गोल्फ क्लबच म्हणतात. तिथे क्रिकेट चालतं, जॉगिंग ट्रॅकवर लोक फेऱ्या मारतात. गोल्फ मात्र नाही.

फोन करणाऱ्यांना मी सांगतो, एकदा मुलाला घेऊन या. सेट विकत घेऊ नका, गोल्फचे बूट घेऊ नका, रोजचे खेळायचे बूट पुरे. ऊन उतरल्यावर या. आले की मुलाला पटिंग ग्रीनवर नेतो. त्याच्या उंचीचा पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवायची काठी) आणि तीन चेंडू देतो, भोक दाखवतो आणि एकच गोष्ट बजावून सांगतो: कोणाच्या हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, असेल तर त्याच्यापासून लांब उभं राहायचं. दुसऱ्याने फिरवलेला क्लब डोक्याला लागणं हा या वयातला सर्वांत मोठा धोका आहे, त्यामुळे हे शिकवणं खेळाच्याही आधी येतं. एवढं झालं की मी पालकांबरोबर बाकावर जाऊन बसतो.

गोल्फचं भोक १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटरचा. दीडशे मीटरवरून ते भोक मोठ्या माणसाला अशक्य वाटतं, पण एका पावलावरून पाच वर्षांच्या मुलाला ते चांगलं ऐसपैस असतं. चेंडू आत पडताना जो ‘टक्’ आवाज येतो, तो पुन्हा ऐकायचा म्हणून मुलं पुन्हा मारतात. काही मुलं चेंडू थांबायच्या आत पळत जाऊन त्याला आणखी एक फटका देतात. काही तिन्ही चेंडू हाताने आत टाकतात आणि टाळ्या पिटतात. एक मुलगी भोकाजवळ पालथी पडून चेंडू आत कुठे जातो ते बघत बसली होती. हे सगळं मला चालतं, आवडतं. मला काळजी वाटते ती प्रत्येक फटक्यानंतर बाकाकडे बघणाऱ्या मुलाची. चेंडू कुठे गेला हे ते बघतच नाही, आधी बाबांचा चेहरा बघतं. अशा मुलाला क्लास लावला तर ते बाबांऐवजी माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागेल. त्याला आधी सहा महिने कोणीही काहीही न सांगता नुसतं खेळू द्यायला हवं, आणि हे मी त्याच्या वडिलांना स्पष्ट सांगतो. कधी कधी ते दुखावतात. पण हे सांगणं मला माझ्या कामाचाच भाग वाटतं.

मग मुलाला थोडं पळायला लावतो. एका पायावर उभं राहायला सांगतो, लंगडी घालायला सांगतो, बादलीत खालच्या हाताने चेंडू टाकायला सांगतो. गोल्फचा स्विंग बाहेरून हातांचा वाटतो, पण त्याचं सगळं बळ पायांतून वर येतं. वजन आधी मागच्या पायावर जातं, मग पुढच्या पायावर येतं, कंबर आधी वळते, खांदे तिच्या मागून वळतात आणि हात सर्वांत शेवटी. हाच क्रम लगोरी फोडताना लागतो, क्रिकेटमध्ये थ्रो करताना लागतो, नदीकाठी चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जाईल असा भिरकावताना लागतो. जे मूल या गोष्टी करत मोठं होतं, त्याला स्विंग शिकवताना मला निम्मंच काम उरतं. आता फ्लॅटमध्ये वाढलेली अनेक मुलं सहाव्या वर्षीही खालच्या हाताने चेंडू टाकताना त्याच बाजूचा पाय पुढे टाकतात. अशा मुलाला मनगट कसं वळवायचं हे शिकवण्यात अर्थ नसतो. त्याच्या आईला मी सांगतो, “ताई, याला गोल्फचा क्लास नको. याला झाडावर चढू द्या, पकडापकडी खेळू द्या.” काही आया खुश होतात. काही विचारतात, “ते शिकवायचा क्लास आहे का?”

आता क्लबबद्दल, कारण इथे पालकांचे सर्वांत जास्त पैसे आणि मुलांचा सर्वांत जास्त उत्साह वाया जातो. वडिलांचा जुना सेव्हन आयर्न असतो. तो खालून-वरून मोजून, वरचा भाग कापून, नवी ग्रिप चढवून मुलाच्या हातात दिला जातो. लांबी बरोबर झाली, पण डोकं मोठ्या माणसाच्या क्लबचंच राहिलं आणि कापलेला शाफ्ट, म्हणजे दांडा, आधीपेक्षा ताठ झाला. ते वजन मुलाला पेलत नाही. ते उचलण्यासाठी मूल मागे झुकतं, कोपर मोडतं, चेंडूच्या वरून क्लब फिरवतं किंवा जमीन खणतं. वडील बघतात, त्यांना वाटतं मुलाचं तंत्र चुकतंय, कोच हवा. अशी मुलं माझ्याकडे आली की मी त्यांच्या हातात त्यांच्या उंचीचा, हलक्या डोक्याचा, लवचीक शाफ्टचा मुलांसाठीच बनवलेला क्लब देतो आणि काही बोलत नाही. दहा-बारा फटक्यांत झुकणं निम्म्यावर येतं. कोपरही बरंचसं सरळ होतं. मुलात दोष नव्हताच, तो अवजारात होता. मुलांच्या कंपन्या आता उंचीच्या थोड्याथोड्या फरकाने क्लब बनवतात आणि लहान मुलाला तीन पुरतात: पटर, एक वेज आणि एक मधला आयर्न. नियमाने १४ क्लब बाळगता येतात म्हणून १४ घ्यायचे नसतात. मोठी बॅग बघून मूल हरखतं, पण ती उचलताना त्याचा खांदा जातो.

ग्रिपचंही तसंच. पुस्तकात ओव्हरलॅपिंग आणि इंटरलॉकिंग अशा दोन पद्धती दिलेल्या असतात, आणि पालक व्हिडिओ बघून मुलाची करंगळी दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवून आणतात. सहा वर्षांच्या हाताला ते जमत नाही, दुखतं. क्रिकेटची बॅट धरावी तशी दहाही बोटं दांड्यावर ठेवली तरी चालतात. हात मोठे झाले की बदलता येतं.

बाकावर बसल्या बसल्या बोलणं हमखास मोठ्या खेळाडूंकडे वळतं. पहिलं नाव टायगर वुड्सचं. १९७८ साली, दोन वर्षांचा असताना, तो अमेरिकेतल्या टीव्हीच्या कार्यक्रमात चेंडू मारताना दिसला होता. ती चित्रफीत प्रत्येक पालकाने पाहिलेली असते. त्यात दिसतं काय? वडिलांची नक्कल करणारं एक पोर. वडील गॅरेजमध्ये जाळीत चेंडू मारायचे आणि ते पोर उंच खुर्चीत बसून बघायचं. चौथ्या वर्षाच्या सुमारास त्याला खरोखरच कोच मिळाला, हे पालक बरोबर सांगतात. रूडी डुरान त्यांचं नाव. पण डुराननी त्याला काय दिलं ते कोणी विचारत नाही. लॉंग बीचमध्ये एक छोटं पार-थ्री मैदान होतं. तिथे डुराननी त्या मुलाच्या ताकदीप्रमाणे प्रत्येक भोकाची वेगळी पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, ठरवली. मोठ्यांना जिथे तीन फटक्यांत चेंडू घालायचा, तिथे त्याला जास्त फटके. ‘टायगर पार’ म्हणायचे त्याला. म्हणजे त्या कोचने मुलाला स्विंगच्या आधी एक असा खेळ दिला, जो ते मूल जिंकू शकत होतं. एवढ्या लहान वयात कोच असायचाच असेल, तर तो असा असावा.

आदितीच्या घरात आधी कोणी गोल्फ खेळत नव्हतं. बेंगळुरूच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानाजवळ हे कुटुंब न्याहारीला जायचं, तिथून लोकांचा जल्लोष ऐकून तिला उत्सुकता वाटली आणि ती आत गेली. रिओत, २०१६ साली, ती अठरा वर्षांची होती तेव्हा तिची बॅग वडिलांनी वाहिली. टोकियोत आईने. या गोष्टीतलं वय पालक लक्षात ठेवतात, मला मात्र त्यातली आई-वडिलांची पायपीट महत्त्वाची वाटते. अठरा भोकांची एक फेरी चालायची म्हणजे चार-पाच तास जातात, आणि ऑलिंपिकमध्ये अशा चार फेऱ्या असतात.

अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा. वडील लष्करात डॉक्टर. आठव्या वर्षी तो त्यांच्याकडूनच खेळ शिकला, पुढे प्रशिक्षक विजय दिवेचांकडे गेला. आपल्या देशातले कितीतरी चांगले गोल्फपटू लष्करी घरांतले आहेत आणि त्यामागे कुठलंही गूढ नाही. अनेक छावण्यांमध्ये गोल्फचं मैदान असतं आणि अधिकाऱ्यांच्या मुलांना तिथे मुभा असते. दुसरा मोठा गट कॅडींचा, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांचा. अली शेर दिल्लीत कॅडी होता. १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली. २००९ साली तीच स्पर्धा जिंकणारा मुनियप्पा बेंगळुरूत कॅडीच होता. आणि एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखायचे. १८२९ साली सुरू झालेला तो क्लब, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना. चौरासिया तिथेच वाढला, बघून बघून शिकला आणि पुढे दोनदा इंडियन ओपनचा विजेता झाला. लांब मारण्यात तो कधीच पुढे नव्हता. चिप (हिरवळीजवळून उचलून मारलेला छोटा फटका) आणि पट (हिरवळीवरचा घरंगळता फटका) यांत त्याचा हात असा, की सहकाऱ्यांनी त्याचं आडनावच बदलून ‘चिपपुट्सिया’ करून टाकलं.

अधिकाऱ्याचा मुलगा आणि माळ्याचा मुलगा. दोघांच्या घरांत केवढं अंतर! पण लहानपणी दोघांकडे एकच गोष्ट होती: रोज पाय ठेवता येईल असं गवत. आणि त्या गवतावर स्वतः खेळणारी मोठी माणसं.

इथेच मला वाटतं, पालक ज्या प्रश्नाला एक समजतात ते दोन प्रश्न आहेत. मुलाला शिकवणारा हवा आहे का, हा एक. मुलाला जागा आणि सोबत हवी आहे का, हा दुसरा. पाच-सहा वर्षांच्या मुलाची गरज जवळजवळ नेहमी दुसरी असते. पण आपल्या शहरांत गोल्फची मैदानं क्लबांच्या कुंपणाआड आहेत. पुण्याचा क्लब घ्या, मुंबईत विलिंग्डन घ्या, चेंबूरचं प्रेसिडेन्सी घ्या. सदस्य नसलेल्या घरातल्या मुलाने सहज आत जाऊन चेंडू मारावा, अशी सोय तिथे नाही. खारघरला सिडकोने सर्वांसाठी खुलं मैदान केलं, हा मोठा अपवाद. पण एका महानगराला तो कसा पुरेल? मग उरते रेंज, आणि रेंजवर लहान मुलाला एकटं सोडत नाहीत. ते योग्यच आहे. त्यामुळे बहुतेक घरांना आत शिरायचा एकच दरवाजा दिसतो, तो म्हणजे कोच. पोहण्याचा क्लास लावल्याशिवाय विहिरीच्या काठावरही फिरकू देणार नाही, असं गावाने ठरवावं तशी ही अवस्था आहे. पालक फी भरतात शिकवण्याची आणि त्यांना हवी असते जागा. आणि फी भरली की शिकवण्याची अपेक्षा आपोआप येते. “सर, महिना झाला, अजून ड्रायव्हर दिला नाही?” ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब. मी त्यांना दोष देत नाही. पैसे दिलेल्या माणसाने प्रगती विचारली तर त्यात गैर ते काय! पण त्या प्रश्नाने मुलाच्या खेळाचा तास शिकवणीचा तास होतो, आणि मूल सातव्या-आठव्या वर्षी टेनिसकडे किंवा मोबाइलकडे वळतं.

मी यातून काढलेली वाट फार मोठी नाही. लहान मुलांना मी एकेकटं घेतच नाही. पाच-सहा जणांचा घोळका करतो. हुलाहूप जमिनीवर टाकून त्यात चिप करायचं. बादलीत चेंडू पाडायचा. दोघांनी मिळून एक चेंडू आळीपाळीने मारत भोकापर्यंत न्यायचा. पाऊण तासात दहा मिनिटं तरी पळापळी असतेच. कुणाची ग्रिप दुरुस्त करायची तर खेळ न थांबवता, जाता जाता. आणि सुरुवात नेहमी भोकाजवळून, मग हळूहळू मागे. ७२ पार असलेल्या मैदानात प्रत्येक भोकाला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ हिरवळीवरच आहे. मुलाला ताकद लागत नाही असा हा निम्मा भाग आहे, आणि तिथे ते मोठ्या माणसाला हरवूही शकतं.

हे सगळं आई-वडील स्वतः करू शकतात. माझ्या आठवणीतलं सर्वांत चांगलं उदाहरण एका आजोबांचं आहे. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर, म्हणून नातवाला घेऊन ते यायचे. मी क्लासला नको म्हटलं तर त्यांना आधी पटेना. “मला गोल्फमधलं काही कळत नाही हो,” ते म्हणाले.

“आजोबा, मग तर फारच छान. तुम्ही त्याला काही सांगणार नाही. दोघांनी एक-एक पटर घ्या आणि पैज लावा.”

त्यांनी लावली. हरेल त्याने घरी जाताना भेळ द्यायची. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा हे दोघं येत होते. नातवाने कधी क्लासचं नाव काढलं नाही, त्याला गरजच नव्हती. आठव्या वर्षी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हाताला हिरवळीचा चढ-उतार असा कळत होता, की तो मी त्याला कोणत्याही पद्धतशीर धड्यात शिकवू शकलो नसतो. आजोबांचे पटही बरे झाले होते, हे मुद्दाम सांगतो. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

मग क्लास लावायचा कधी? माझ्या अनुभवात मूल ते स्वतः सांगतं, आणि सांगण्याची पद्धत ठरलेली असते. ‘आणखी मारू?’ असं विचारणारं मूल एक दिवस ‘असं का झालं?’ असं विचारतं. नऊ वर्षांची एक मुलगी होती. आईबरोबर येऊन मनापासून चेंडू मारायची, मला काही विचारायची नाही. एका संध्याकाळी चिडून माझ्याकडे आली. “सर, मी सरळ उभी राहते, सरळ मारते, मग तो उजवीकडेच का जातो?” मला उत्तर माहीत होतं. चेंडू निघताना मुख्यतः क्लबचा चेहरा जिकडे असतो तिकडे निघतो, आणि क्लबचा मार्ग त्या चेहऱ्यापेक्षा वेगळा असला की हवेत वळतो. जुन्या पुस्तकांत हे उलटं लिहिलेलं असायचं, चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो म्हणून. रडारने चेंडू मोजायला लागल्यावर ते मागे पडलं. पण मी यातलं काही तिला सांगितलं नाही. पाटीवर लिहायचा मार्कर दिला. चेंडूवर ठिपका काढ, तो ठिपका क्लबकडे येईल असा ठेव, मार, आणि क्लबवर तो कुठे उमटला ते बघ. अर्ध्या तासाने तिने स्वतःच सांगितलं, की तिच्या हातात क्लब किंचित उघडा राहतोय आणि चेंडू टोकाजवळ लागतोय. त्या मुलीला मी त्याच आठवड्यापासून शिकवायला घेतलं. तिला आता माझा उपयोग होता.

‘का’ विचारायचं वय ठरलेलं नाही. कुणी सातव्या वर्षी विचारतं, कुणी बाराव्या. पाचव्या वर्षी विचारणारंही एखादं भेटतं आणि त्याला मी नाही म्हणत नाही. वय बघून ठरवलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण खोटं झालं असतं.

‘का’ची वाट न बघता कोचकडे आणायला हवीत अशी मुलंही आहेत. सहा वर्षांच्या एका मुलाची कंबर दुखत होती. घरी रोज एक बकेट चेंडू, तेही कापलेल्या ड्रायव्हरने, असा नेम होता. अशा वेळी कोच हवा, तो थांबवायला. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग नाजूक असतो. एकच हालचाल एकाच बाजूला शेकडो वेळा केली की शरीर तक्रार करतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली पालकांना सुचवलं, की बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढे ढकलावं आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी ठेवावी. मी ते छापून रेंजच्या भिंतीवर लावलं आहे. वडील आणि काका दोघंही खेळतात, दोघंही मुलाला वेगवेगळं सांगतात, घरात रोज वाद, अशा मुलालाही कोच हवा, म्हणजे निदान एकच आवाज कानावर पडेल.

‘पण उशीर झाला तर?’ ही भीती मी समजू शकतो. अमेरिकेत पाइनहर्स्टला होणाऱ्या मुलांच्या जागतिक स्पर्धेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचेही गट असतात, तिथल्या सात-आठ वर्षांच्या मुलांवर ‘द शॉर्ट गेम’ नावाचा माहितीपटही निघाला, आणि तो पाहून घरोघरी वाटतं, की आपलं मूल शर्यतीत मागे पडलं. पण मोठमोठ्या गोल्फपटूंकडे बघा. जॅक निक्लॉस दहाव्या वर्षी प्रशिक्षक जॅक ग्राउटच्या मुलांच्या वर्गात गेला आणि शाळा संपेपर्यंत बास्केटबॉलही खेळत राहिला. ग्राउट त्याला सांगायचे, आधी जोरात मार, नेम नंतर येईल. ग्रेग नॉर्मनने पंधराव्या वर्षाच्या सुमारास क्लब हातात धरला. फिल मिकेलसनने २०२१ साली पीजीए चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. ज्या खेळात माणूस पन्नाशीत एवढी मोठी स्पर्धा जिंकू शकतो, त्यात पाचव्या वर्षाची घाई कशासाठी? घाई करायचीच असेल तर ती जागेसाठी करावी.

स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिक नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे मुलांसाठी नऊ भोकांचं वेगळं मैदान आहे, आणि मोठ्या माणसाला तिथे खेळायचं असेल तर सोबत मूल असावंच लागतं. सेंट अँड्र्यूजलाही नवख्यांसाठी आणि मुलांसाठी बाल्गोव्ह हे नऊ भोकांचं मैदान आहे. आपल्याकडे नऊ भोकांची जमीन आणायची कुठून, हे मलाही कळतं. पण तीन भोकांची आणता येते. एका मोठ्या गृहसंकुलाच्या बागेत, शाळेच्या मैदानाच्या कडेला, वीस पावलं लांब आणि दहा रुंद एवढ्या जागेत सपाट कापलेलं गवत आणि तीन कप बसतात. माती नीट दाबली आणि पाण्याचा निचरा केला तर आपल्या पावसातही ती टिकते. खर्च होतो तो कापणीचा, आठवड्यातून निदान तीनदा.

आमच्या रेंजच्या मालकांपुढे मी हे वर्षभर मांडत होतो. आता त्यांनी पटिंग ग्रीन दर रविवारी सकाळी सात ते साडेआठ मुलांसाठी मोकळी ठेवायचं मान्य केलं आहे. क्लासची अट नाही, मी शिकवणारही नाही, फक्त अंतर राखलं जातंय ना हे बघेन. मोठ्या माणसाला मुलाशिवाय प्रवेश नाही. ‘हात सरळ ठेव’, ‘मान वर करू नकोस’ असं काही मुलाला म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर स्वतः पटर घ्यायचा आणि मारून दाखवायचं. पटर आणि चेंडू आम्ही देऊ. पावसाळ्यात गवत ओलं असतं, जादा मोजे आणा.